मळ्यातील जुने घर: पाडावे, सांभाळावे की बारला द्यावे?

आपण दिलेली माहिती थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर ती आपल्याला लगेच दिसेल. पणजी शहराच्या मळा या भागात, ओरें खाडीच्या रस्त्यापासून आत गेलेल्या एका गल्लीत, आपले तळमजला आणि एक मजला असे चिऱ्यांचे घर आहे. जमीन 210 चौरस मीटर असून घराने त्यातली सुमारे 165 चौरस मीटर व्यापली आहे. वरच्या मजल्यावर 74 वर्षांच्या आत्या राहतात. खाली शिंप्याचे दुकान होते, ते बंद होऊन चार वर्षे झाली. डावीकडच्या घराचा होमस्टे झाला आणि उजवीकडच्या घरात बार निघाला. आता एक बिल्डर रस्त्याकडची भिंत तशीच ठेवून मागे चार मजले बांधू म्हणतो, तर हॉटेल व्यवसायातील एक गृहस्थ तळमजला नऊ वर्षांसाठी बार आणि रेस्टॉरंटकरिता मागत आहेत. दर्शनी भाग जुना ठेवला की वारसाही राहतो आणि पैसाही मिळतो, हे खरे आहे का, असे आपण विचारले आहे.

पणजीतील जुन्या घरांच्या दुरुस्तीचे आणि नूतनीकरणाचे काम मी सव्वीस वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर, आपल्या गल्लीसारख्या गल्लीत हे बहुतेक वेळा खरे नसते. मात्र आपला प्रश्न मला थोडा वेगळा मांडावासा वाटतो. आपल्यासमोर तीन निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत: घराचा वापर कोणता असावा, त्यासाठी इमारतीत किती बदल करावा, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाकोणाचा आहे. बिल्डर मधला प्रश्न आधी सोडवून दाखवतो, कारण त्याचे चित्र काढता येते. चित्र सुंदर असते, खिडक्यांना पिवळा प्रकाश असतो, आणि मग उरलेले दोन प्रश्न त्या चित्राला साजेसे सोडवले जातात. माझ्या मते वापर आधी ठरला पाहिजे.

काही गोष्टी मी येथे बसून सांगू शकत नाही, हेही आधीच नमूद करतो. आपला भूखंड विकास आराखड्यातील संवर्धन क्षेत्रात नेमका येतो का, खाडीच्या भरतीरेषेपासून तो किती दूर आहे, छपराचे लाकूड कोणत्या अवस्थेत आहे, शिंप्याने दुकान रीतसर परत केले का, आणि घराचा मागचा भाग मूळचा आहे की नंतर जोडलेला, या पाच बाबींवर उत्तर बदलते. पुढे जे लिहितो ते या मर्यादेत वाचावे.

प्रथम आकडे पाहू. जमिनीच्या क्षेत्राच्या तुलनेत किती बांधकाम करता येते, त्या प्रमाणाला गोव्यात आपण एफएआर म्हणतो आणि तो टक्क्यांत मोजतो. पुण्या-मुंबईचे नातेवाईक ज्याला एफएसआय म्हणतात, तेच हे. आपल्या घराचे दोन मजले मिळून सुमारे 330 चौरस मीटर होतात, म्हणजे 210 चौरस मीटरच्या जमिनीवर जवळजवळ 157 टक्के बांधकाम आजच उभे आहे. 2010 च्या गोवा भूविकास आणि इमारत बांधकाम नियमांनुसार एस-2 वर्गाच्या वस्तीला 80 टक्के एफएआर मिळतो. आपली जमीन त्या वर्गात असेल, तर घर पाडल्यावर हिशेबात 168 चौरस मीटर बांधता येईल, म्हणजे आज आहे त्याच्या निम्मे. जमीन सी-1 या व्यापारी वर्गात असेल तर 200 टक्क्यांप्रमाणे 420 चौरस मीटर दिसतात आणि बिल्डर बहुधा तोच आकडा दाखवत असावा. परंतु रस्त्यापासून, बाजूंनी आणि मागून सोडायची जागा, वाहनतळ, जिना आणि लिफ्ट यांना अशा अरुंद जागेत बसवल्यावर विकण्यायोग्य क्षेत्र किती उरते, हे त्याच्याकडून कागदावर काढून घ्यावे. आपले जुने घर रस्त्याला लागून आणि शेजाऱ्यांच्या भिंतींना टेकून उभे आहे, ही आजच्या नियमांत सहसा न बसणारी सवलत इतिहासाने त्याला दिलेली आहे. घर पाडले की ती सवलतही जाते. नियोजन व विकास प्राधिकरणाकडून झोनिंग सर्टिफिकेट, म्हणजे जमीन कोणत्या वर्गात येते त्याचा दाखला, काढण्याआधी कोणाशीही आकड्यांची चर्चा करू नये. संवर्धन क्षेत्र असेल तर संवर्धन समितीची संमती लागते, आणि तेथे उंची, छपराचा उतार, दारे-खिडक्यांचे प्रमाण या सर्वांवर बंधने येतात. खाडी जवळ असल्यामुळे किनारी नियमन क्षेत्राचाही प्रश्न येतो: 2011 च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाडीच्या काठी 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतील जे कमी असेल तेवढा पट्टा धरला जातो.

वाहनतळाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण गल्लीचा चेहरा बदलण्याचे मोठे काम त्यानेच केले आहे. चार मजले वर चढवायचे म्हणजे खाली गाड्यांसाठी स्टिल्ट, म्हणजे नुसत्या खांबांवरचा मोकळा तळ, आले. ज्या भिंतीत दार, खिडकी, दुकानाची फळी आणि संध्याकाळी उंबऱ्यावर बसलेले माणूस असायचे, तिच्यात गाडी वळवण्याएवढे भगदाड पडते आणि त्यावर लोखंडी फाटक बसते. वरच्या मजल्यांना कितीही कमानी काढल्या आणि आझुलेजचे, म्हणजे रंगीत पोर्तुगीज फरश्यांचे, तुकडे चिकटवले, तरी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला फक्त ते फाटक दिसते. अठरा जून रस्त्याच्या आणि सांतिनेजच्या परिसरात हा बदल एकेका भूखंडाने झाला आणि प्रत्येक वेळी तो एकट्या घराचा प्रश्न म्हणूनच मंजूर झाला.

आता त्या दर्शनी भिंतीकडे येऊ. आपल्या भागातील घर म्हणजे रस्त्याकडची रंगीत भिंत, ही समजूत छायाचित्रांनी रूढ केली. प्रत्यक्षात ते घर खोलीत लांब असते. खाली दुकान किंवा कोठार, वर रस्त्याच्या अंगाला साल, म्हणजे बैठकीची मोठी खोली, तिच्यामागे झोपायच्या खोल्या, मग स्वयंपाकघर आणि शेवटी विहिरीचे परस. खेड्यातल्या घराला बलकांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, असतो, तसा येथे नसतो. येथे घर थेट रस्त्यावर येते आणि वर लोखंडी कठड्याची बाल्कनी बाहेर काढते. मंगळुरी कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, परसातून गार हवा आत येते आणि 50 ते 60 सेंटीमीटर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती दुपारचा उष्मा अडवतात. भिंत, छप्पर आणि परस ही तिन्ही मिळून एकच यंत्र आहे. त्यातली एक भिंत ठेवून मागे काँक्रीटची पेटी उभी केली, तर जे शिल्लक राहते त्याला मी घर म्हणत नाही, दशावतारातला मुखवटा म्हणतो; आणि मुखवट्यालाही निदान मागे नाचणारे माणूस लागते.

हे केवळ आवडीनिवडीचे म्हणणे नाही. सांतोमेच्या बाजूस एका कामावर मला उशिरा बोलावले गेले होते. दर्शनी भिंत ठेवायची असे ठरले होते, मागचे सारे मे महिन्यात पाडले होते, आणि नव्या सांगाड्याचे काम पावसाआधी पूर्ण झाले नाही. चिऱ्याची भिंत स्वतःच्या जाडीवर उभी राहते हे खरे, पण तिला आडव्या तुळया, आडव्या भिंती आणि छप्पर यांनी धरून ठेवलेले असते. ते काढून घेतल्यावर दोन मजल्यांची उघडी भिंत पावसात भिजत उभी राहिली. तिचे माथे झाकलेले नव्हते, त्यामुळे पाणी वरून आत उतरले आणि चिऱ्यांच्या सांध्यांतली माती वाहून गेली. जुलैत ती मध्यभागी हातभर पुढे झुकली. टेकू दिले, रस्ता बंद झाला आणि अखेर ती भिंत उतरवून काँक्रीट ब्लॉकची तशीच दिसणारी नवी बांधण्यात आली. आज पर्यटक तिच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. त्यांना फरक कळत नाही. शेजारच्या घराला मात्र कळतो, कारण सामायिक भिंतीतली भेग त्यांच्या देवघरापर्यंत गेली आहे.

सामायिक भिंत आणि जमीन हा या भागातला सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. मळ्याला लागून असलेल्या फोंतेन्हासचे नावच झऱ्यावरून पडले आहे आणि फिनिक्सचा झरा अजून मळ्यात आहे. आल्तिनच्या डोंगराचे पाणी खाली झिरपत खाडीकडे जाते आणि आपली घरे त्या वाटेवर, पूर्वीच्या माडांच्या आगरात, उभी आहेत. पायाही चिऱ्याचाच आणि फार खोल नसतो. येथे तळघरासाठी किंवा खोल पायासाठी खणले की पाणी लागते, ते पंपाने उपसले की आजूबाजूची मऊ जमीन बसते, आणि भेगा पडतात त्या खणणाऱ्याच्या घराला नव्हे, दोन्ही शेजाऱ्यांच्या घरांना. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की मळ्यात पाणी साचते हे आपल्याला मी सांगायला नको. बिल्डरला जमिनीच्या चाचणीचा अहवाल आणि शेजाऱ्यांच्या घरांची कामापूर्वीची नोंद, छायाचित्रांसह, मागावी. ही मागणी केल्यावर काही प्रस्ताव आपोआप मागे पडतात.

बारच्या प्रस्तावाविषयी माझे मत इतके सरळ नाही. पणजीच्या या भागात मद्यालय नवे नाही. फेणीच्या तावेर्नी येथे पिढ्यान्पिढ्या होत्या. पण तावेर्नीला लागत होते काय? एक फळी, दोन बाकडी, मागे बरण्या आणि एक विजेचा दिवा. मालक बहुधा वरच्या मजल्यावर राहत असे, त्यामुळे आवाज किती वाढू द्यायचा हे त्याच्या घरच्यांनीच ठरवलेले असे. आजच्या बारला स्वयंपाकघर, शीतकोठी, वातानुकूलन, जनरेटर, दोन-तीन स्वच्छतागृहे, ध्वनियंत्रणा आणि शंभर माणसांची ये-जा लागते. नाव तेच असले तरी इमारतीवर पडणारा भार निराळा आहे. मांडवीतील सहा तरंगत्या कॅसिनोंमुळे रात्री उशिरापर्यंत जागणारा ग्राहक शहराच्या मध्यभागी आला, आणि किनाऱ्याच्या गर्दीला कंटाळलेला पर्यटकही जुन्या गल्ल्यांकडे वळला. त्यामुळे अशी मागणी आपल्या दारापर्यंत पोहोचली. ती लगेच ओसरेल असे मला वाटत नाही. तळमजला रिकामा ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण बंद घरात वाळवी आणि ओल भाडेकरूपेक्षा लवकर राहायला येतात.

म्हणून येथे प्रश्न असा येतो की वर माणसे झोपत असताना खाली हा वापर चालू शकतो का. चालू शकतो, पण चार गोष्टी पक्क्या झाल्यास.

पहिली आवाजाची. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि त्या वेळेतील मर्यादा निवासी क्षेत्रात 45 आणि व्यापारी क्षेत्रात 55 डेसिबल आहे. चिऱ्याची जाड भिंत आवाज चांगला अडवते, त्यामुळे गृहस्थ आपल्याला भिंत ठोकून दाखवतील आणि चिंता नको म्हणतील. आवाज भिंतीतून जात नाही. तो लाकडी तक्तपोशीतून वर जातो आणि खिडक्यांतून बाहेर जातो. विशेषतः ढोलासारखा खालचा ठोका तुळयांतून सरळ वरच्या पलंगाच्या पायांपर्यंत पोहोचतो. एका घरी आम्ही छताला जाड आवरण लावले आणि काही उपयोग झाला नाही, कारण ते आवरण त्याच जुन्या तुळयांना टांगले होते आणि तुळया थरथरतच राहिल्या. शेवटी तळमजल्यात जमिनीवर उभी असलेली स्वतंत्र लोखंडी चौकट केली, तिच्यावर दुहेरी छत घातले, मध्ये खनिज लोकर भरली आणि जुन्या तुळयांना कोठेही स्पर्श होऊ दिला नाही. दारालाही दोन दारांची लहान खोली केली, म्हणजे एक उघडताना दुसरे बंद असते. तेव्हा वरच्या आजींना झोप लागली. या कामात तळमजल्याची उंची सुमारे एक फूट कमी होते आणि जुने सुंदर छत झाकले जाते, हे मान्य करावे लागते. तुळया उघड्या दिसल्या पाहिजेत असा हॉटेलवाल्यांचा आग्रह असेल, तर तेथे संगीत नको, एवढे साधे गणित आहे.

दुसरी आगीची, आणि हिच्याबाबत मी कोणतीही तडजोड करत नाही. डिसेंबर 2025 मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत 25 माणसे गेली. आपल्या घराला छप्पर लाकडाचे, मजला लाकडाचा आणि बहुधा जिनाही लाकडाचा, तोही तळमजल्याच्या आतूनच वर जाणारा आहे. खालच्या स्वयंपाकघरात आग लागली तर आत्यांच्या बाहेर पडण्याची एकमेव वाट त्या आगीतून जाते. तेव्हा वरच्या निवासाला रस्त्यावर किंवा परसातून गल्लीत उघडणारा स्वतंत्र, दगडी किंवा काँक्रीटचा जिना आधी करावा लागेल. भट्टीचे स्वयंपाकघर मुख्य घरात न ठेवता परसात, लाकडाशी संबंध नसलेल्या वेगळ्या बांधकामात असावे, आणि धुराची नळी कौलांतून वर न काढता त्याच बांधकामावरून बाहेर न्यावी. तेलाचा थर धरलेली नळी सागाच्या वाशांमधून जाताना पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो, आणि ती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. जुन्या घराला घरगुती वीजजोडणी असते. बारच्या शीतकोठ्या आणि वातानुकूलन तिच्यावर लादले की तारा तापतात. नवी जोडणी आणि नवा फलक हवा, आणि तो फलक जिन्याखाली नको. अग्निशमन संचालनालयाचा दाखला आला म्हणजे सर्व झाले असे नव्हे. दाखल्यासोबत जोडलेला नकाशा आणि प्रत्यक्षातले फर्निचर एकच आहे का, हे मालकाने दरवर्षी पाहायचे असते.

तिसरी पाण्याची. स्वच्छतागृहे लाकडी मजल्यावर कदापि नकोत. ती परसाच्या बाजूस, जमिनीवर, वेगळ्या पायावर असावीत. स्वयंपाकघराच्या सांडपाण्याला तेल अडवणारी टाकी असावी आणि ते शहराच्या मलनिस्सारण वाहिनीतच जावे, पावसाच्या गटारात नव्हे. ते गटार खाडीत उघडते. येथे मी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका घराच्या तळमजल्याचा पोपडे निघालेला चुन्याचा गिलावा काढून मी मजबुतीच्या भरवशावर सिमेंटचा गिलावा करवला. चिरा हा छिद्रांचा दगड आहे. पणजीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जमिनीतूनही ओल चढते, ती भिंतीला बाहेर सोडावी लागते. चुना तिला सोडू देतो, सिमेंट कोंडतो. दुसऱ्या पावसाळ्यात ओल गिलाव्याच्या वरून, म्हणजे थेट तुळयांच्या टोकांपाशी, बाहेर पडली आणि तीन तुळया भिंतीत रुतल्या जागी कुजल्या. त्या बदलण्याचा खर्च मी निम्मा सोसला. नवा भाडेकरू भिंती झटपट चकचकीत करण्यासाठी सिमेंट आणि वर प्लास्टिक रंगच लावणार, कारण त्याला नऊ वर्षांचीच फिकीर आहे. करारात चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग असे नावानिशी लिहावे.

चौथी बाब वेळेची आणि दाराबाहेरच्या गर्दीची. आत कितीही बंदोबस्त केला तरी रात्री साडेअकराला गल्लीत गाडीची वाट पाहणारी वीस माणसे कोणत्याही छताने गप्प होत नाहीत. यावर बांधकामातून उपाय नाही, केवळ वापरातून आहे. म्हणूनच माझा कल असा आहे की आपला तळमजला दिवसा आणि संध्याकाळी चालणाऱ्या वापराला द्यावा: लहान खाणावळ, बेकरी, कार्यालय, हस्तकलेचे दुकान, किंवा रात्री दहाला बंद होणारे रेस्टॉरंट. भाडे कमी येईल, हे मी लपवत नाही. उजवीकडे आधीच बार असल्यामुळे आपल्या एकट्याच्या संयमाने गल्ली शांत होणार नाही, हेही खरे. पण आत्यांचे घर दोन बारांच्या मध्ये न राहता एका बारच्या शेजारी राहील, आणि पुढे आपल्यापैकी कोणी तेथे राहायला यायचे ठरवले तर ते शक्य असेल. या भागातील चांगल्या अवस्थेतली घरे मी जेव्हा मोजतो, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते: ज्या घरात वर कोणी राहते, त्या घराचे सरकलेले कौल त्याच दिवशी बसवले जाते, कारण थेंब कोणाच्या तरी अंथरुणावर पडतो. निव्वळ धंद्याच्या घरात थेंब पोटमाळ्यावर पडतो आणि पुढच्या करारापर्यंत कोणालाही कळत नाही.

मालकीचा प्रश्न आपण एका वाक्यात उरकला आहे: चार चुलत भावंडे, एक पुण्यात आणि एक कॅनडात. वास्तविक सर्वाधिक वेळ येथेच जाईल. गोव्यात वारसा आणि विवाहसंपत्ती यांचा कायदा वेगळा आहे हे आपण जाणताच. विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची संपत्ती सामायिक धरली जाते, त्यामुळे विक्री किंवा पुनर्विकासाच्या करारावर चार भावंडांसोबत त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. पुण्यातील वहिनींना हे कोणीतरी आधी समजावून सांगावे, नाही तर ऐन वेळी नको ते गैरसमज होतात. आजोबांच्या नावावरून मालमत्ता उतरलीच नसेल, तर आधी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन कार्यवाही, घालावी लागेल. त्यासाठी आता 2012 चा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाहीचा कायदा आहे. त्या कार्यवाहीत वारसांना आपसात बोली लावून घर एकाकडे घेता येते आणि इतरांना पैसे देता येतात, ही सोय फार जणांना ठाऊक नसते. घर सांभाळू इच्छिणारा एक जण आणि पैसे हवे असलेले तीन, अशी आपली स्थिती असेल तर बिल्डरकडे जाण्याआधी हा मार्ग वकिलांशी बोलून पाहावा. शिंप्याच्या बाबतीतही 1968 च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील हक्क उरले आहेत का, ते पाहणे आवश्यक आहे. दुकान बंद असणे आणि दुकान परत मिळालेले असणे यांत अंतर आहे.

नऊ वर्षांचा करार एकदम करू नये. तीन वर्षांचा, नोंदणीकृत, आणि त्याला घराचे मोजमापासह नकाशे व प्रत्येक खोलीची छायाचित्रे जोडलेली असावीत. कोणत्याही बदलासाठी लेखी संमती, संमती देणारा मालकांच्या बाजूचा एकच माणूस, बंद होण्याची वेळ, संगीत वाजवण्याची वा न वाजवण्याची अट, विमा, आणि दरवर्षी मे महिन्यात छपराची पाहणी मालकाच्या सुताराकडून व भाडेकरूच्या खर्चाने, एवढे त्यात हवे. अबकारी परवान्यासाठी देऊळ आणि शाळा यांपासूनचे अंतर पाहिले जाते, तेव्हा परवाना मिळेपर्यंत कोणतीही तोडफोड करू देऊ नये. ‘आधी रंग लावून घेतो’ म्हणून चाव्या घेतल्या जातात आणि आठवड्याने आतली भिंत नसते.

बिल्डरचा प्रस्ताव पूर्णपणे टाकाऊ ठरवण्याआधी एक शक्यता तपासावी. या भागातील अनेक घरांच्या परसाकडचा भाग नंतर काँक्रीटचा बांधलेला असतो, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत त्यातल्या सळ्या गंजून छताचे पोपडे पडू लागलेले असतात. तसे असेल तर तो मागचा भाग उतरवून तेथे दोन मजली, कौलारू, स्वतंत्र पायाचे नवे बांधकाम करणे योग्य ठरेल: खाली स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे, वर आत्यांसाठी आधुनिक न्हाणीघर आणि तो वेगळा जिना. पुढचे मूळ घर, त्याच्या छपरासह, तसेच राहील. बिल्डरांना असले लहान काम नको असते. त्यासाठी चांगला गवंडी, जुन्या छपरांची सवय असलेला सुतार आणि देखरेखीला वास्तुविशारद पुरेसे आहेत. नवे बांधकाम जुन्यासारखे दिसलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. मांडवी काठचे 1952 चे जुने हॉटेल त्याच्या काळात अगदी आधुनिक होते आणि आज ते पणजीच्या ओळखीचा भाग आहे. खोट्या कमानींपेक्षा साधी, प्रमाणात बसणारी खिडकी बरी.

थोडक्यात क्रम असा ठेवावा: आधी फॉर्म डी, म्हणजे शहर भूमापनातील मालमत्तेचा उतारा, चलता क्रमांकाचा, म्हणजे भूमापनातील भूखंड क्रमांकाचा, नकाशा आणि झोनिंग सर्टिफिकेट, त्यासोबत वारसांची स्थिती, मग छपराची दुरुस्ती, कारण तिला यांपैकी कशाचीही वाट पाहायची गरज नाही, आणि शेवटी तळमजल्याचा वापर. छपराची पाहणी जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत करावी. पोटमाळ्यावर विजेरी घेऊन चढावे, आढे आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके पाहावीत, आणि जेथे लाकूड काळे दिसेल तेथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर ते टोक बदलायचे आहे. नुसते डाग असतील तर घाबरण्याचे कारण नाही.

आत्यांना स्वतःला काय हवे आहे, हे आपल्या प्रश्नात मला कोठे दिसले नाही. त्यांना वरच राहायचे असेल तर वर लिहिलेले सर्व लागू होते. त्यांना जिने चढणे जड जाऊ लागले असेल आणि त्या स्वतः तळमजल्यावर येऊ इच्छित असतील, तर बारचा प्रश्नच उरत नाही आणि वरचा मजला एखाद्या कुटुंबाला राहायला देण्याचा विचार करता येईल. त्यांच्याशी बोलून, मागच्या भागाची आणि पोटमाळ्याची चार छायाचित्रे व बिल्डरचा नकाशा पाठवल्यास मी त्यावर अधिक नेमके लिहू शकेन.